दुबईचा पगार आणि पुनावळ्याचा हप्ता

पुनावळे, ताथवडे, मारुंजी, रावेत या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत राहायला आलेली बरीचशी कुटुंबे तरुण आहेत. कोणी हिंजवडीत आयटीमध्ये, कोणी चाकणच्या वाहन कारखान्यांत, कोणी भोसरी-तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये. मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून, कोकणातून आलेली मुस्लिम कुटुंबेही त्यांत आहेत. घर घेतलेले, हप्ता चालू, मुले शाळेत, आणि बहुतेक घरांत नवरा-बायको दोघेही कमावते. अशा घरात एके दिवशी आखातातून नोकरीचे बोलावणे येते. कागदावरचा दिरहॅमचा आकडा रुपयांत बदलला की घरात ईद येते. नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि अम्मी शुक्राने की नमाज पढतात.

प्रश्न पुढचा आहे. एकट्याने जायचे की बायकामुलांना घेऊन? आणि घेऊन जायचे तर तो पगार पुरणार का? चर्चा पगारावर फार होते, घरभाड्यावर कमी होते आणि पुनावळ्यात मागे राहणाऱ्या फ्लॅटवर जवळजवळ होतच नाही. माझ्या मते परदेशी संसार नेण्याचा निर्णय घराच्या हिशेबावर ठरतो. घर म्हणजे एक नव्हे, तीन घरे: तिथले भाड्याचे, इथले हप्त्याचे आणि गावी किंवा इथेच राहणाऱ्या अम्मी-अब्बांचे. तिन्ही एकाच पगारावर उभी राहणार असतात.

एक नमुन्याचे कुटुंब घेऊ. नवऱ्याच्या हातात महिन्याला 1 लाख 20 हजार येतात, बायकोच्या 60 हजार. मुले दोन, एक नऊ वर्षांचे, दुसरे पाच. फ्लॅटचा हप्ता 45 हजार. सोसायटीचा मेंटेनन्स 4 हजार. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी असल्याने टँकरचा खर्चही त्यातच येतो. शाळांचे 15 हजार, किराणा-भाजी-गोश्त 22 हजार, पेट्रोल-वीज-मोबाइल 14 हजार, अम्मी-अब्बांना 10 हजार, औषधपाणी, कपडे, सण, लग्नकार्य यांचे 15 हजार. एकूण सव्वा लाख. 1 लाख 80 हजारांतून 55 हजार शिल्लक राहतात.

आता दुबईचे बोलावणे धरू 15 हजार दिरहॅमचे. हिशेबापुरता एक दिरहॅम 23 रुपयांना धरला, तर झाले 3 लाख 45 हजार रुपये. पगारावर आयकर नाही. दोघांच्या आजच्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट. इथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात.

पण या आकड्यातून बायकोचा पगार गळालेला आहे. ती नोकरी सोडून जाणार. म्हणजे वाढ 1 लाख 20 हजारांवरून मोजायची नाही, 1 लाख 80 हजारांवरून मोजायची. कुटुंबाच्या खर्चाची जबाबदारी नवऱ्याची आणि बायकोची कमाई तिची स्वतःची, हे शरीयतने सांगितलेले आहेच. पण पुनावळ्याचे किती तरी हप्ते तिच्या पगाराच्या आधारावर मंजूर झालेत, हे बँकेच्या कागदांवर लिहिलेले असते. तो आधार काढून घेताना तिला विचारले पाहिजे. नुसते 'चलणार ना?' असे नव्हे, तर तुझी नोकरी, तुझा अनुभव, परत आल्यावर तुला काय मिळेल, असे सगळे विचारले पाहिजे.

तिथला महिना

दुबईत घरभाडे वर्षाचे बोलतात. कुसैस, मुहैस्ना, अल नाहदा या भागांत आपल्याकडची कुटुंबे जास्त राहतात. तिथे एका बेडरूमच्या घराला वर्षाचे 75 हजार दिरहॅम धरू. इमारत जुनी-नवी, मेट्रो जवळ-लांब यावर हे बरेच खाली-वर होते, म्हणून होकार देण्याआधी त्या आठवड्यातले भाव इंटरनेटवर स्वतः पाहावेत. तिथल्या दोस्ताने सांगितलेला भाव बहुधा त्याच्या जुन्या कराराचा असतो. जुन्या भाडेकरूचे भाडे किती वाढवायचे याला दुबईत सरकारी निर्देशांकाची मर्यादा आहे. नव्याने येणाऱ्याला बाजारभावच द्यावा लागतो. म्हणून एकाच इमारतीत एकाच आकाराच्या दोन घरांच्या भाड्यात मोठा फरक दिसतो आणि दोस्त खोटे बोलला असे वाटते. तो खोटे बोललेला नसतो.

75 हजार म्हणजे महिन्याला 6,250. त्यावर वार्षिक भाड्याच्या 5 टक्के नगरपालिकेचा हाउसिंग कर, जो वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा वसूल होतो: 310. वीज, पाणी, एसी मिळून वर्षाची सरासरी 600, उन्हाळ्यात जास्त. दोन मुलांची भारतीय अभ्यासक्रमाची कमी फीची शाळा आणि बस मिळून वर्षाचे 32 हजार, म्हणजे महिन्याला 2,650. किराणा 2,200. दोन मोबाइल आणि घरचे इंटरनेट 600. मेट्रो-बस 400. दुबईत नोकराचा आरोग्य विमा मालक काढतो, बायकामुलांचा मात्र त्यांना व्हिसावर आणणाऱ्याने काढायचा असतो. तिघांचे महिन्याला 250. वर्षातून एकदा चौघांची गावची तिकिटे, महिन्यावर पसरून 470. कपडे, ईद, किरकोळ 600.

बेरीज 14,330. उरले 670 दिरहॅम, म्हणजे साधारण 15,400 रुपये.

आता पुनावळ्याकडे या. हप्ता 45 हजार चालूच आहे. मेंटेनन्स 4 हजार घरमालक म्हणून आपणच भरणार. अम्मी-अब्बांचे 10 हजार. एकूण 59 हजार. फ्लॅट 25 हजारांनी भाड्याने दिला असे धरू. पण घरमालक परदेशात राहणारा, म्हणजे एनआरआय झाला, की भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के टीडीएस आणि त्यावरचा सेस कापून सरकारजमा करणे बंधनकारक असते. म्हणजे 31.2 टक्के. हातात येतात 17,200. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकते, कमी कपातीचा दाखलाही आयकर खात्याकडून काढता येतो. पण महिन्याचा हप्ता काही परताव्याची वाट पाहत नाही. 59 हजारांतून 17,200 वजा केले तर 41,800 रुपये दुबईहून यायला हवेत. शिल्लक आहे 15,400. दर महिन्याला 26,400 ची तूट.

पुनावळ्यात महिन्याला 55 हजार वाचवणारे कुटुंब साडेतीन लाखांच्या पगारावर तुटीत जाते ते असे. आकडे माझे अंदाजाचे आहेत, प्रत्येक घराने आपले घालून पाहावेत. पण सांगाडा हाच राहतो.

मग किती पगाराला हो म्हणावे? वरच्याच हिशेबात आजची 55 हजारांची बचत टिकवायची, तर महिन्याला साधारण साडेअठरा हजार दिरहॅम लागतात. पंधराच मिळत असतील तर पगारवाढ मागण्यापेक्षा मुलांची फी आणि वर्षाची तिकिटे कंपनीने भरावीत अशी मागणी करून पाहावी. दोन्ही मिळून महिन्याचे 3,100 होतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच झाले. कंपन्यांना मूळ पगार वाढवण्यापेक्षा हे देणे पुष्कळदा सोपे जाते. मात्र जे ठरेल ते ऑफर लेटरवर लिहून हवे. 'आल्यावर बघू' म्हणणाऱ्या साहेबाची बदली झाली की तो शब्द संपला.

ऑफर लेटरवर आणखी एक ओळ पाहावी, बेसिक पगाराची. अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात: पहिली पाच वर्षे दरवर्षी 21 दिवसांचा पगार, त्यानंतर दरवर्षी 30 दिवसांचा. पंधरा हजारांत बेसिक साडेसात हजार असेल तर वर्षाला 5,250 जमतात, साडेचार हजार असेल तर 3,150. इथे पीएफ आपोआप कापला जात होता, तिथे तसे काही नाही. म्हातारपणाची सोय आपली आपण करायची असल्याने हा फरक लहान नाही.

जाताना हातात किती

महिन्याच्या हिशेबापेक्षाही कुटुंबे अडकतात ती पहिल्या महिन्यातल्या रोख पैशांत. कुटुंबाच्या व्हिसासाठी सरकारची पगाराची अट फार मोठी नाही: महिन्याला 4 हजार दिरहॅम, किंवा 3 हजार आणि राहण्याची जागा. पण भाडेकरार दाखवावा लागतो, आणि दुबईत तो 'इजारी' या सरकारी नोंदणीत चढलेला हवा. म्हणजे आधी घर, मग व्हिसा, मग कुटुंब.

घराचे भाडे पुढच्या तारखांच्या चेकने देतात, वर्षाचे एक, दोन, चार किंवा जास्त चेक. चेक जितके कमी, तितके भाडे घासाघीस करून कमी होते. चार चेक धरले तर पहिला 18,750 चा. डिपॉझिट 5 टक्के, फर्निचरसह घर असेल तर 10. एजंटचे 5 टक्के. वीज-पाण्याचे डिपॉझिट फ्लॅटला 2 हजार. इजारीची फी आणि जोडणी मिळून साडेतीनशे. घरात पाय ठेवण्याआधी साधारण साडेअठ्ठावीस हजार गेले. तिघांचे व्हिसा, मेडिकल, ओळखपत्रे यांना 12 हजार धरू. पलंग-फ्रिज-वॉशिंग मशीन, जुने घेतले तरी 10 हजार. शाळेचे पहिले सत्र, गणवेश, पुस्तके 10 हजार. साठ हजारांच्या वर झाले, रुपयांत 14 लाख.

हे पैसे कुठून आणायचे? बरेच जण इथून पर्सनल लोन काढतात किंवा बायकोचे दागिने गहाण ठेवतात. व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत आहेच. तो बाजूला ठेवला तरी परदेशी संसाराची सुरुवात दुसऱ्या हप्त्याने करणे धोक्याचे आहे. कंपनीला पहिल्या वर्षाच्या भाड्याची उचल मागावी, ती महिन्याच्या पगारातून कापून घेऊ द्यावी. ही पद्धत तिकडे रूढ आहे. भावाकडून, मामांकडून कर्ज-ए-हसना घ्यायचे असेल तर कागदावर, साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे. सूरह बकराहमध्ये देण्याघेण्याची नोंद करायची ताकीद आहे आणि आपल्याकडे नेमकी तीच पाळली जात नाही. घरच्या माणसात कसला कागद, म्हणतात. भांडणे नंतर घरच्याच माणसांत होतात.

चेकबद्दल थोडे. 2022 पासून अमिरातीत खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणे हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण चेकधारक थेट वसुलीला जाऊ शकतो आणि देश सोडण्यावर बंदीही येऊ शकते. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे नुसता कागद समजू नये.

खर्च वाचवायला लोक शारजा पाहतात. घरे तिथे स्वस्त आहेत, शाळा आहेत, वस्ती कुटुंबांची आहे. पण दुबईत नोकरी आणि शारजात घर म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ अल इत्तिहाद रोडची कोंडी. भूमकर चौकात उभे राहून ज्यांचा सब्र तयार झालाय त्यांना ती नवी वाटणार नाही. पण तिथेही रोजचे दीड-दोन तास जाणार हे धरून चालावे. गाडी घ्यायची तर भारतीय लायसन्सवर तिथला रहिवासी गाडी चालवू शकत नाही, ड्रायव्हिंग स्कूल आणि परीक्षा देऊन नवे काढावे लागते, त्याचेही हजारो दिरहॅम होतात. दुसरा मार्ग म्हणजे एका फ्लॅटमध्ये पडदे-पार्टिशन टाकून दोन-तीन कुटुंबांनी राहणे. तो अजिबात धरू नये. परवानगीशिवायची पार्टिशने बेकायदा आहेत, आणि 2025 च्या उन्हाळ्यात दुबई नगरपालिकेने रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बर्शा अशा भागांत त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली. मुलांसह रातोरात जागा सोडायची वेळ कोणावर येऊ नये.

एकट्याने आधी

कोकणातल्या मुस्लिम घरांना हा विषय नवा नाही. म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली, राजापूर या भागांतून माणसे आधी जहाजांवर गेली, मग सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाढला तशी कुवेत, सौदी, दुबईला गेली. एक काळ असा होता की आखाताच्या बऱ्याच भागात आपला रुपयाच चालत असे. 1959 मध्ये त्यासाठी वेगळ्या 'आखाती रुपया'च्या नोटाही काढल्या होत्या. आज दिरहॅम आणि रियाल दोन्ही डॉलरला बांधलेले आहेत, म्हणून डॉलर वधारला की पाठवलेल्या पैशांचे इथे जास्त रुपये होतात. पण तिथल्या संसारात खर्चून शिल्लकच उरत नसेल तर या वाढीचा फायदा कोणाला?

त्या पिढीत पुरुष एकटा जाई. बायको गावात घर, शेती, सासू-सासरे आणि मुलांची शाळा सांभाळी. त्या बायकांनी काय सोसले, मुले बापाला दोन वर्षांतून एकदा ओळखायला कशी शिकली, हे कोकणातली घरे जाणतात. त्या पैशातून उभी राहिलेली मोठी घरे आज कित्येक गावांत कुलुपात आहेत. ते दिवस परत आणावेत असे कोणी म्हणणार नाही. पण एकट्याने जाण्याला मुदत घातली, तर ती पद्धत आजही कामाची आहे.

वरच्याच कुटुंबाचे पाहा. नवरा आधी एकटा गेला, मंजुरी असलेल्या जागेत भागीदारीत खोली घेतली, तर राहणे, जेवण, प्रवास, फोन मिळून साडेतीन हजार दिरहॅममध्ये भागेल. साडेअकरा हजार, म्हणजे 2 लाख 64 हजार रुपये शिल्लक. इथे बायकोचे 60 हजार चालू. पुनावळ्याचा खर्च 1 लाख 20 हजार धरला तरी महिन्याला दोन लाख बाजूला पडतात. घर मांडायचे 14 लाख सात महिन्यांत जमतात, तेही कर्ज न काढता. अमिरातीतल्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे ऑगस्टच्या सुमारास गेलेल्याला पुढच्या एप्रिलपर्यंत पैसे जमतात, परीक्षा-काळातली कंपनीची नाडी कळते आणि मुलांचे इथले वर्षही पुरे होते. पहिल्या सहा महिन्यांत नोकरी गेली तर सुटकेस घेऊन परत येणारा माणूस एक असतो, चार नव्हे.

यात अडचण एकच. एकट्याने जाणाऱ्याला पैसे साठताना दिसतात आणि 'अजून एक वर्ष' सुरू होते. म्हणून तारीख आधी ठरवावी आणि ती दोघांनी ठरवावी.

आणि एप्रिलमध्ये आल्यावर महिन्याचा हिशेब पुन्हा तुटीचा होणार नाही का? होईल, पगार तोच राहिला तर. त्यावर खरा उपाय बायकोची नोकरी आहे. अमिरातीत नवऱ्याच्या व्हिसावर असलेली स्त्री वर्क परमिट घेऊन काम करू शकते. पाच हजार दिरहॅमची नोकरी लागली तर तूट भरून 88 हजारांची शिल्लक दिसते. बी.एड. झालेल्या, अकाउंट्स किंवा टेस्टिंगचा अनुभव असलेल्या बहिणींनी आपली प्रमाणपत्रेही नवऱ्याच्या प्रमाणपत्रांबरोबरच साक्षांकित करून घ्यावीत. तिथे गेल्यावर मागवत बसायला महिने जातात.

सौदीचा हिशेब थोडा वेगळा. मक्का-मदिना जवळ, उमरा कधीही, ही ओढ कोणत्याही कोष्टकात बसत नाही, बसवूही नये. भारतीय दूतावासाच्या देखरेखीखालच्या शाळा तुलनेने स्वस्त आहेत. पण 2017 च्या जुलैपासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रितावर मासिक फी लागली, ती दरवर्षी वाढत 2020 मध्ये 400 रियाल झाली. बायको आणि दोन मुलांचे वर्षाचे 14,400 रियाल, तीन लाख रुपयांहून जास्त, आणि ती रक्कम इकामा काढताना-वाढवताना आगाऊ मागतात. व्हॅट 15 टक्के, अमिरातीत 5. रियाधमध्ये भाडी इतकी चढली की 2025 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने तिथे पाच वर्षे भाडेवाढ गोठवली. तिथल्या कंपनीशी बोलताना पहिला प्रश्न असा विचारावा की आश्रितांची फी कोण भरणार.

चाकणच्या काही मंडळींना जर्मनीचे वेध आहेत. तिथे सरकारी शाळेला फी नाही, पण पगारातून कर आणि विमा मोठा कापतात, डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असते, जाहिरातीतल्या 'थंड' भाड्यात हीटिंग धरलेले नसते आणि रिकाम्या घरात पुष्कळदा स्वयंपाकाचा ओटा-सिंकही नसते, ते आपण बसवायचे. आखाताच्या कोष्टकात जर्मनी मोजू नये.

मुलांबद्दल एक गोष्ट आताच ध्यानात घ्यावी. पाच-सहा वर्षांनी परतायचे असेल तर महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. दुबईत वाढलेले मूल आठवीत येऊन मराठीच्या पेपरला बसेल, तेव्हा घरात मराठी वाचली-लिहिली गेली असेल तरच निभावेल.

कागदपत्रांचे काम राजीनाम्याच्या आधी सुरू करावे, कारण हिंजवडीतला नोटिस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असला तरी साक्षांकनाला तो कमी पडतो. काझीसाहेबांनी दिलेला निकाहनामा घरात जपून ठेवलेला असतो, पण बायकोच्या व्हिसाला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदवलेल्या विवाहाचा दाखला विचारतात. लग्नाला दहा वर्षे झाली तरी ही नोंदणी करता येते. तो दाखला आणि मुलांचे जन्मदाखले आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित होतात. अमिरातीसाठी पुढे त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो, सौदीसाठी 2022 च्या अखेरीपासून अपोस्टिल चालते. त्याआधी सगळे दाखले आणि पासपोर्ट एका टेबलावर मांडून नावे ताडून पाहावीत. बापाच्या पासपोर्टवर 'मोहम्मद' पूर्ण आणि मुलाच्या दाखल्यावर 'मो.', आईचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे, 'शेख' एका ठिकाणी नावाआधी आणि दुसऱ्या ठिकाणी नंतर. असल्या फरकांवर फायली परत येतात, आणि जन्मदाखल्यातली दुरुस्ती ज्या गावी जन्म नोंदला तिथेच जाऊन करावी लागते.